पाच आणे चार पै

माझ्या तलाठीपणाच्या दुसऱ्या वर्षी एका म्हातारीनं मला दीड म्हणजे काय ते शिकवलं.

साल १९८७. सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडचा, पावसानं कायम हात आखडता घेतलेला भाग. माझ्या सजेत तीन गावं होती. त्यातल्या एका गावातल्या या बाई, सत्तरीच्या पुढच्या. त्यांच्या नवऱ्यानं १९५४ साली जमिनीचा एक तुकडा खरेदीखतानं घेतला होता, पण त्याची नोंद दप्तरी लागायची राहूनच गेली होती. नवरा वारला आणि ते खत पेटीतून बाहेर आलं. खतात क्षेत्र एकर-गुंठ्यांत, सातबारा हेक्टर-आरमध्ये. मी कच्च्या कागदावर क्षेत्र उतरवून घेतलं, 'एक एकर वीस गुंठे', आणि घाईत ते लिहिलं १.२०. संध्याकाळी खोलीवर बसून हिशेब केला. एका एकराचे ४०.४७ आर. १.२० गुणिले ४०.४७, म्हणजे ४८.५६ आर. फेरफार लिहिला, नोटीस चावडीवर डकवली. हरकतीला पंधरा दिवस असतात.

नवव्या दिवशी बाई आल्या. सोबत पुतण्याचा मुलगा, नववी-दहावीतला. त्या उंबऱ्याजवळच बसल्या.

"भाऊसाहेब, माजं रान दीड एकर हाय. हे पोरगं वाचून सांगतंय, तुमी एकर आठ गुंठं लावलंय. माजं बारा गुंठं कुठं गेलं?"

मी कच्चा कागद काढला, गुणाकार दाखवला. त्या कागदाकडं बघेचनात.

"वीस गुंठं म्हंजी निम्मा एकर. एकर आन् निम्मा, दीड. ह्यात बघायचं काय?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चाळीस गुंठ्यांचा एकर. वीस गुंठे म्हणजे अर्धा एकर, म्हणजे दशांशात लिहायचं तर १.५०. दीड गुणिले ४०.४७, साठ आर सत्तर. माझ्या चुकीनं गेलेलं क्षेत्र १२.१४ आर, बाई म्हणत होत्या ते बरोबर बारा गुंठे. मी लिहिलेलं टिंब दशांशचिन्ह नव्हतंच. एकर आणि गुंठा यांच्यामधली ती नुसती फट होती. कॅल्क्युलेटरला ते कळायचं कारण नव्हतं. मला कळायला हवं होतं.

हरकत सर्कलसाहेबांपुढं गेली, नोंद दुरुस्त होऊन मंजूर झाली. बाई मला एक शब्द लावून बोलल्या नाहीत. जाताना एवढंच म्हणाल्या की त्या बारा गुंठ्यांत त्यांच्या एका म्हशीचा कडबा निघतो. तो कच्चा कागद मी फाडला नाही. बदली होईल तिथं माझ्याबरोबर तो फिरला, निवृत्तीच्या दिवसापर्यंत.

शेतजमिनीच्या कागदांत टिंब फार फसवं असतं. एकर-गुंठ्यांत गुंठे एकोणचाळीसच्या पुढं जात नाहीत. २ एकर ३५ गुंठे आणि १ एकर २५ गुंठे यांची बेरीज ४ एकर २० गुंठे. तेच २.३५ अधिक १.२५ असं यंत्रावर दाबलं की ३.६० येतं, म्हणजे तीन एकर साठ गुंठे, असं क्षेत्र जगात नाही. हेक्टरचं तसं नाही. शंभर आरचा हेक्टर, शंभर चौरस मीटरचा आर. म्हणून सातबाऱ्यावर १.२०.५० असे दोन टिंबांचे आकडे दिसतात आणि तिथं बेरीज शाळेतल्यासारखीच होते. पण माणसं बोलताना अजूनही गुंठ्यांतच बोलतात. बाप मुलाला 'साठ आर सत्तर' देऊन जात नाही, दीड एकर देऊन जातो. तेव्हा दप्तर एका भाषेत, गाव दुसऱ्या भाषेत, आणि मधे तलाठी.

गुंठा आला कुठून, हे मला माझ्या आधीच्या पिढीतल्या एका कोतवालानं सांगितलं. पूर्वीच्या मोजणीची साखळी तेहतीस फुटांची. तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद, तो एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. असे चाळीस झाले की एकर. त्या साखळीचे सोळा भाग पाडलेले असत आणि त्या प्रत्येक भागालाही आणाच म्हणत. रुपयाचे सोळा आणे, साखळीचे सोळा आणे, आणि घराण्याच्या मिळकतीचेही सोळा आणे. पुढं कितीतरी वेळा मला या गोष्टीचा उपयोग झाला, कारण वाटपाला बसलेली म्हातारी माणसं कशालाही सोळानंच हात घालायची.

त्यांचं गणित तोंडी होतं आणि ते पक्कं होतं. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे त्यांनी शाळेत घोकलेले. औट म्हणजे साडेतीन. साडेतीन गुणिले नऊ विचारलं तर मी पेन शोधायचो आणि समोरचा ऐंशीतला माणूस 'साडेएकतीस' म्हणून तंबाखू मळायला लागलेला असायचा. जुन्या कागदांत हे आकडे लिहायची रीतही वेगळी. एकापुढं एक उभी रेघ म्हणजे सव्वा, दोन म्हणजे दीड, तीन म्हणजे पावणेदोन: १।, १॥, १॥।. एकदा एक शिकलेला तरुण आजोबांचा कागद घेऊन आला आणि म्हणाला, भाऊसाहेब, आमची यात एकशे अकरा एकर दिसते. त्या दोन रेघा त्यानं दोन एके म्हणून वाचल्या होत्या. त्याला दोष कसा द्यायचा? त्या रेघा त्याला कुणी दाखवल्याच नव्हत्या.

दशांशाची बाजूही मला मांडलीच पाहिजे, कारण तेहतीस वर्षं मी त्याच्याच जिवावर काम केलं. दुष्काळाच्या साली मदतीच्या याद्या करताना पाच-सहाशे खातेदारांची क्षेत्रं एकाखाली एक लावून बेरीज करायची असते. ती पाव-अर्ध्या-पाऊणमध्ये होणं शक्य नाही. तिथं दशांशच हवा. फक्त त्याचं एक पथ्य आहे. आठ आर हेक्टरमध्ये लिहायचे ते ०.०८. मधलं शून्य गळलं की ०.८, म्हणजे ऐंशी आर, जवळजवळ दोन एकर. दहा पटीचा फरक, आणि तोही डोळ्याला एका शून्याचा. मी नवीन मुलांना सांगायचो, क्षेत्र नेहमी जोडी-जोडीनं लिहा: ०.०८.००. शून्याला जागा ठेवली की ते गळत नाही. आणि यादी वाचून दाखवताना आकडा न वाचता 'आठ आर' म्हणा. मोठ्यानं म्हटलेली चूक समोरच्याला लगेच कळते.

पण दशांश एका ठिकाणी हात टेकतो, आणि नेमकं तेच ठिकाण तलाठ्याच्या रोजच्या कामातलं आहे. तीन भाऊ.

एका गावात तीन भावांचं वाटप होतं. जमीन सरळ चौकोनी, पूर्ण एक हेक्टर. भाऊ समंजस, कोर्ट नको, वकील नको. हेक्टरचे दहा हजार चौरस मीटर, भागिले तीन. ३,३३३ आणि वर एक उरला. मी लिहिलं: थोरला ०.३३.३४, मधला ०.३३.३३, धाकटा ०.३३.३३. वाचून दाखवलं. मधल्यानं विचारलं, थोरल्याच्या नावापुढं चौतीस का?

एक चौरस मीटर म्हणजे सतरंजीएवढीही जागा नाही. सकाळी दहाला बसलेलं वाटप त्या एका मीटरवर दुपारपर्यंत अडलं. बाहेरच्या माणसाला हे हसण्यासारखं वाटेल. मला त्या दिवशीही तसं वाटलं नाही, आजही वाटत नाही. त्या माणसाला मीटरभर जागा नको होती. बापानं तिघांना सारखं दिलं होतं आणि सरकारी कागदावर ते सारखं दिसत नव्हतं, हे त्याचं दुखणं होतं, आणि ते खरं होतं. एकाचे तीन सारखे भाग होतात. शेतात होतात, भाकरीचे होतात. दशांशात लिहायला गेलं की होत नाहीत. तीनावर तीन कितीही लिहीत गेलात तरी कुठंतरी थांबावं लागतं, आणि थांबलात तिथं काहीतरी उरतं. ते उरलेलं कुणाच्या तरी नावावर टाकावंच लागतं.

तिथं त्यांचा चुलता बसला होता. इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला, "पाच आणं चार पै लिवा की तिघांस्नी."

मी कागदावर मांडून बघितलं. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. भागिले तीन, चौसष्ट. चौसष्ट पै म्हणजे पाच आणे चार पै. तीन वेळा मांडले की बरोबर सोळा आणे. शिल्लक काही नाही. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि हा हिशेब बाजारातून गेला. तो का टिकला होता हे मला त्या दिवशी कळलं. १९२ ला दोननं भागा, तीननं भागा, चारनं, सहानं, आठनं, बारानं, सोळानं, चोवीसनं भागा, निःशेष भाग जातो. शंभराला तीननंही जात नाही आणि सहानंही. घर मोडताना तीन आणि सहा हे वाटे तर सारखे येतात.

नवीन पद्धत वाईट आणि जुनी चांगली असा याचा अर्थ मी लावत नाही. पाच भाऊ असले की चित्र उलटं होतं. सोळा आण्यांचे पाच भाग तीन आणे आणि दोन पै, वर पैचेही तुकडे. दशांशात एक पंचमांश म्हणजे ०.२, नीटनेटका. आणि वारस सात असले की दोन्ही पद्धती सारख्याच उघड्या पडतात. एक सप्तमांश दोन दशांशस्थळांपर्यंत लिहिला तर ०.१४. सात जणांचे मिळून ०.९८. हेक्टरमागं दोन आर गायब. चार स्थळं घेऊन ०.१४२९ लिहिला तर सातांची बेरीज १.०००३, म्हणजे कागदावर शेतापेक्षा तीन चौरस मीटर जास्त जमीन. जमीन वाढवण्याचा अधिकार तलाठ्याला नाही, कमी करण्याचाही नाही.

त्या दिवसापासून मी एक नेम पाळला. समाईक खात्यात हिस्सा अपूर्णांकातच लिहायचा, १/३, १/७, जसा आहे तसा. क्षेत्रात त्याचं रूपांतर अगदी शेवटी करायचं, बांध घालायची वेळ येईल तेव्हा, आणि एकदाच करायचं. मधल्या पायऱ्यांवर आकडा छाटायचा नाही. आजोबाचा १/३, त्यातला बापाचा १/४, त्यातला नातवाचा १/२, हे सगळं गुणून १/२४ येऊ द्या, मग भागाकार करा. पहिल्याच पायरीवर ०.३३ केलंत तर हेक्टरमागं तेहतीस चौरस मीटर गेलेच, आणि ते पुढच्या प्रत्येक पिढीतून जात राहतात. त्या तीन भावांनी समाईक खात्यात प्रत्येकी १/३ लावून घेतला. शेतात दोरी धरून त्यांनी बांध स्वतः घातले. त्यांच्यात पुन्हा काही झाल्याचं माझ्या कानावर आलं नाही.

विहिरीचं आणखी अवघड. विहिरीचे तुकडे पडत नाहीत. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत 'विहिरीत दोन आणे आठ पै हिस्सा' अशा नोंदी मी शेकड्यानं पाहिल्या. दोन आणे आठ पै म्हणजे बत्तीस पै, सहावा हिस्सा. गावात त्याचं रूप साधं असतं. सहा दिवसांत एक दिवस मोटर माझी. तो दिवस कुणी सकाळपासून सकाळपर्यंत मोजतं, कुणी दिवस मावळल्यापासून. वीज रात्री येत असेल तर या एका फरकात सगळी पाळी बुडते. वाटपपत्रात 'सकाळी सहापासून' असं लिहून घ्यायची सवय मी लोकांना लावली. हा हिस्साही अपूर्णांकच, फक्त घड्याळावर मांडलेला.

नोकरीच्या मधल्या काळात मी विभागीय परीक्षेसाठी हिंदू वारसा कायदा वाचत होतो. त्यात १९७८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा होता, गुरुपाद मगदूम विरुद्ध हिराबाई मगदूम. १९६० साली खंडाप्पा मगदूम वारले. मागं पत्नी हिराबाई, दोन मुलगे, तीन मुली. हिराबाईंनी आपला हिस्सा मागितला. न्यायालयानं आधी खंडाप्पांच्या हयातीतच वाटप झालं असं धरलं: नवरा, बायको, दोन मुलगे, प्रत्येकी १/४. मग नवऱ्याचा तो १/४ सहा वारसांत, प्रत्येकी १/२४. हिराबाईंना दोन्ही मिळायला हवेत, १/४ अधिक १/२४. बेरीज ७/२४.

रात्री अकरा वाजता मी तो आकडा पैत मांडला. ७/२४ म्हणजे छप्पन्न पै, चार आणे आठ पै. दोन मुलांनाही तेवढेच. तीन मुलींना आठ-आठ पै. तीन छप्पन्ने एकशे अडुसष्ट, तीन आठे चोवीस, एकशे ब्याण्णव. सोळा आणे भरले. दशांशात तोच हिस्सा ०.२९१६६ आणि पुढं सहावर सहा. त्या बाईंना 'तुमचा शून्य पूर्णांक एकोणतीस' म्हणून कुणी सांगितलं असतं तर त्यांना काय कळलं असतं, असा विचार माझ्या मनात आला. आणि त्याच आकड्यांत मला दुसरंही दिसलं. मुलग्याला छप्पन्न पै, मुलीला आठ. एकाच बापाची लेकरं, सातास एक.

हे प्रमाण पुढं कायद्यानं बदललं. महाराष्ट्रानं १९९४ सालीच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं हक्क दिला, देशभर तो २००५ च्या दुरुस्तीनं आला. वारसांच्या नोंदीत मुलगा-मुलीचे अपूर्णांक सारखे झाले. दप्तरात झाले, एवढंच मी खात्रीनं सांगू शकतो. कारण नोंद लागली की महिन्या-दोन महिन्यांत बहिणींचं हक्कसोडपत्र यायचं. ते दुय्यम निबंधकांकडं रीतसर नोंदलेलं असायचं, त्यात माझं काही चालत नव्हतं, आणि चालायलाही नको. बहिणी आपखुशीनं सोडत असतील तर तो त्यांचा अधिकार. पण काय सोडतो हे किती जणींना ठाऊक होतं?

२०११ साली दोन भाऊ, दोन बहिणी चावडीत आल्या. आई आधीच गेलेली, वडील त्या वर्षी वारलेले. जमीन १ हेक्टर ९४ आर. वारस नोंदीचा उतारा हवा होता, तिथून सगळे तसेच तालुक्याला हक्कसोडपत्र करायला जाणार होते. जीप बाहेर उभी होती. थोरली बहीण पन्नाशीची, कपाळाला गोंदण. उतारा हातात घेऊन तिनं विचारलं,

"दादा, ह्यात माजं किती हाय?"

मला भाऊसाहेब सोडून दादा म्हणणारी ती पहिलीच. मी सवयीनं म्हटलं, "शून्य हेक्टर अठ्ठेचाळीस आर पन्नास."

ती मान हलवून गप्प बसली. तिचा चेहरा बघून मला ते १.२० आठवलं. मी उठून तिच्याजवळ गेलो.

"ताई, सोळा आण्यांतले चार आणे तुमचे. जमीन म्हणाल तर सव्वा एकराला दोन गुंठे कमी."

ती पेरांवर मोजायला लागली. अंगठा एका बोटावरून दुसऱ्या बोटावर जात होता, ओठ हलत होते. भाऊ दाराशी उभे होते, कुणी काही बोललं नाही. मग ती म्हणाली, "म्हंजी हिरीपास्नं चिंचंपातुर."

धाकटा भाऊ म्हणाला, "व्हय. साधारण तेवढंच."

"तिथं मी आन् आयनं भुईमूग काढलाय," ती म्हणाली. तिनं उताऱ्याची चार पदरी घडी घातली, ती कमरेच्या पिशवीत ठेवली आणि भावाला म्हणाली, "आज नगं जायला. जीपवाल्याचं भाडं मी देती."